मसल कार प्रोजेक्ट घेण्याआधी: १९६७ ते १९६९ ची कॅमॅरो कशी तपासावी

"१९६९ ची कॅमॅरो. ऐंशी टक्के काम झालंय, फक्त जोडायची बाकी. वेळ नाही म्हणून देतोय." अशा जाहिराती अमेरिकेत रोज निघतात. किंमत तयार गाडीच्या निम्म्याहून कमी असते आणि फोटोत शेडमधली धूळ बसलेली गाडी दिसते. डेट्रॉइटच्या आसपास वाहन उद्योगात काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ निघते. ती दोन-तीनदा पाहिली की यातल्या कुणाला तरी आपलीही एक असावी असं वाटतंच. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पहिला प्रोजेक्ट, म्हणजे काम अर्धवट राहिलेली गाडी, बघायला जाताना काय बघायचं, कुठे बघायचं आणि कोणत्या क्रमाने, एवढंच यात सांगितलंय.

मसल कार म्हणजे मध्यम किंवा लहान आकाराची, दोन दारांची अमेरिकन गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन. ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन घेऊन आलेल्या १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून हा काळ धरतात. प्रदूषणाचे नियम, विम्याचे चढे हप्ते आणि १९७३ चं तेलसंकट यांनी तो संपला. उदाहरणासाठी मी शेव्हरोलेची पहिल्या पिढीची कॅमॅरो घेतोय. फोर्डच्या मस्टँगला उत्तर म्हणून ती सप्टेंबर १९६६ मध्ये बाजारात आली आणि तीन मॉडेल वर्षांत जवळपास सात लाख गाड्या निघाल्या. तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नवा बनवून मिळतो, अगदी अख्खी बॉडीसुद्धा. शिकाऊ माणसासाठी ही मोठी सोय. पण याच गाडीच्या नकलाही सर्वांत जास्त झाल्या आहेत, म्हणून तपासणी शिकायला हिच्यासारखी दुसरी गाडी नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. कागद आणि आकडे पहिले, पत्रा दुसरा, सांगाडा तिसरा, हरवलेले भाग चौथे आणि इंजिन सगळ्यांत शेवटी. नवखा माणूस बरोबर उलटा जातो. बोनेट उघडतो, क्रोमची झाकणं पाहतो आणि तिथेच मनातल्या मनात गाडी घेऊन टाकतो. पण शेव्हरोलेच्या ३५० क्युबिक इंचाच्या इंजिनाचे भाग अमेरिकेत कुठल्याही गावात मिळतात आणि ते बांधणारा मेकॅनिकही मिळतो. काचेखालचा सडलेला पत्रा बदलायचा तर समोरची काच, डॅशबोर्ड, दोन्ही मडगार्ड आणि बोनेट उतरवावं लागतं. दोन्ही कामांचे पैसे आणि महिने यांची तुलनाच होत नाही.

घरी बसून करायचं काम

आधी ठरवा की गाडी कशासाठी हवी. रविवारी चालवायची असेल, तर इंजिन मूळचं आहे की नाही याला फार महत्त्व नाही आणि त्यासाठी जादा पैसे मोजण्याचंही कारण नाही. कारखान्यातून निघाली तशी गाडी हवी असेल, तर आकडे जुळणं, म्हणजे इंजिनावरचे आकडे त्याच गाडीचे असणं, हाच व्यवहाराचा गाभा. या दोन इच्छा मनात एकत्र ठेवून गेलात, तर विक्रेता तुम्हाला दुसरीची किंमत सांगून पहिली गाडी देईल.

मग हिशेब उलटा मांडा. तशीच तयार, चांगल्या स्थितीतली गाडी आज किती डॉलरना विकली जाते ते पाहा. हॅगर्टीसारख्या विमा कंपन्यांच्या दरपत्रकात स्थितीनुसार एक ते चार अशा प्रतवारीने किमती असतात. त्यातून रंग, पत्रा, इंजिन, गिअरबॉक्स, सीटची कव्हरं, क्रोम, काचा, रबरं, टायर आणि वाहतूक वजा करा. उरेल तो आकडा म्हणजे प्रोजेक्टची किंमत. बऱ्याचदा तो शून्याखाली जातो. अशा वेळी दुसऱ्या कुणीतरी पैसे ओतून तयार केलेली गाडी घेणं सरळसरळ स्वस्त पडतं आणि पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी बहुधा तोच सल्ला देतो. काम स्वतःच्या हातांनी करण्यात आनंद वाटत असेल, तर मात्र हे गणित थोडं तोट्याचं निघालं तरी चालेल. तोटा किती सोसायचा तो आकडा आधी कागदावर लिहा.

रंगाचा आणि पत्र्याच्या कामाचा अंदाज इंटरनेटवर वाचून धरू नका. जवळच्या दोन गॅरेजमध्ये जाऊन तासाचा दर आणि कामाचे तास विचारा. मागचं मडगार्ड काहीशे डॉलरला मिळतं, पण जुनं कापून नवं नीट बसवायला कारागिराचे कित्येक तास जातात.

फोनवर चार गोष्टी विचारा. टायटल (मालकीचा कागद) कुणाच्या नावावर आहे? व्हीआयएन (गाडीवर ठोकलेला ओळख क्रमांक) काय आहे? गाडी शेवटची कधी चालली? उघडून ठेवली असेल, तर ती कुणी उघडली? मग फोटो मागवा: डिकीची जमीन गालिचा काढून, मागच्या काचेचा खालचा कोपरा, दोन्ही बाजूंचा खालचा पत्रा आणि गाडीखालून मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे बसतात ती जागा. विक्रेता चकचकीत फोटो पाठवतो आणि हे चार टाळतो, तर पाचशे मैल गाडी हाकून जायची गरज नाही.

बरोबर काय न्यायचं: कपड्यात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक, चांगली टॉर्च, जाड टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर, छोटा आरसा, मोजपट्टी, जॅक आणि दोन भक्कम स्टँड, जुने कपडे आणि एक मित्र. मित्राला त्या गाडीचं वेड नसलेलं बरं. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, विक्रेता शिरत असला तरी.

कागद आणि आकडे

अमेरिकेत गाडीच्या मालकीचा कागद म्हणजे टायटल. त्यावरचा व्हीआयएन आणि गाडीवरचा व्हीआयएन अक्षर अन् अक्षर जुळला पाहिजे. टायटल विक्रेत्याच्याच नावावर हवं आणि त्यावर कर्जाची नोंद नको. "टायटल हरवलंय, साध्या विक्रीपत्रावर देतो" असं म्हणाला, तर त्यानेच आधी आपल्या नावावर दुय्यम टायटल काढावं, मग पैसे. नियम राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्क राज्य १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलना टायटल देतच नाही, तिथे हस्तांतर करता येणारं नोंदणीपत्र चालतं. तुमच्या राज्याला तो कागद चालेल का, हे तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयात आधीच विचारून घ्या.

१७ अक्षरी व्हीआयएन १९८१ मध्ये आला. कॅमॅरोचा १३ अक्षरी आहे, त्यामुळे आजच्या गाड्यांचा इतिहास सांगणारे ऑनलाइन अहवाल इथे उपयोगी पडत नाहीत. तो स्वतःच वाचावा लागतो, आणि ते अवघड नाही. १९६९ च्या एका गाडीचा व्हीआयएन १२४३७९एन असा सुरू होतो असं धरू. पहिला १ म्हणजे शेव्हरोले. पुढचे २४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कॅमॅरो. इथे २३ असेल, तर ती सहा सिलिंडरची गाडी म्हणून जन्मली. ३७ म्हणजे बंद छताची, ६७ म्हणजे उघड्या छताची. ९ म्हणजे १९६९. एन म्हणजे ओहायोतला नॉरवुड कारखाना, एल म्हणजे लॉस एंजेलिसजवळचा व्हॅन नाइस. उरलेले सहा आकडे अनुक्रमाचे. एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट, हा कॅमॅरोचा ताकदवान व्ही-८ प्रकार. म्हणजे "ही खरी एसएस आहे" असं सांगणाऱ्याच्या गाडीवर १२३ दिसलं, तर तिथेच बोलणं संपलं.

उलट मात्र खरं नाही. १२४ दिसलं म्हणून गाडी एसएस ठरत नाही, कारण एसएस किंवा झेड/२८ (दुसरा ताकदवान प्रकार) असल्याची कुठलीच खूण या व्हीआयएनमध्ये नसते. सगळा बाजार याच फटीवर चालतो. झेड/२८ गाड्या १९६७ मध्ये ६०२, १९६८ मध्ये ७,१९९ आणि १९६९ मध्ये २०,३०२ बनल्या. साध्या कॅमॅरोवर पट्टे मारून आणि चिन्हं लावून झालेल्या नकला किती असतील याची गणतीच नाही. नक्कल घेणं वाईट नाही. चांगली बांधलेली नक्कल चालवायला तेवढीच मजेची असते. फक्त तिची किंमत नकलेची द्यायची.

१९६७ च्या गाडीवर व्हीआयएनची पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते. १९६८ पासून ती डॅशबोर्डवर आली, समोरच्या काचेतून दिसते. १९६८-६९ च्या पट्टीचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारखे असतात. तिथे साधे गोल रिव्हेट किंवा आजूबाजूला खरवडल्याच्या खुणा दिसल्या, तर गाडी सोडा. व्हीआयएनशी खेळणं अमेरिकेत गुन्हा आहे आणि अशी गाडी पोलीस जप्त करतात, घेणारा कितीही भोळा असला तरी. खात्रीसाठी या आकड्यांचा एक भाग दोन लपलेल्या ठिकाणीही ठोकलेला असतो: काचेपुढच्या जाळीखालच्या पत्र्यावर आणि इंजिनामागच्या भिंतीवर हीटरच्या डब्याखाली. उघडलेल्या प्रोजेक्टमध्ये हा डबा बहुतेक वेळा निघालेलाच असतो. त्याचा फायदा घ्या.

इंजिनामागच्या भिंतीवर ड्रायव्हरच्या बाजूला, वरच्या अंगाला, आणखी एक छोटी पट्टी असते. तिच्यावर बॉडी बनल्याचा महिना आणि आठवडा, मूळ रंग आणि आतल्या सजावटीचा क्रमांक असतो. ०४सी म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा. १९६९ च्या नॉरवुड गाड्यांवर, मॉडेल वर्षाचे सुरुवातीचे महिने सोडले तर, एक्सने सुरू होणारा क्रमांकही असतो. एक्स३३ किंवा एक्स७७ म्हणजे झेड/२८, एक्स२२ किंवा एक्स६६ म्हणजे ३९६ ची एसएस. व्हॅन नाइसच्या गाड्यांना हे नाही, १९६८ ला तर कुठेच नाही. आणि या पट्ट्याही हल्ली नव्या बनवून मिळतात, म्हणून एकट्या पट्टीवर भरवसा नको.

भरवसा ठेवायचा तो जुन्या कागदांवर. वॉरंटीच्या पुस्तिकेतली धातूची छोटी पट्टी, विक्रीच्या वेळचं बिल, किंवा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला कारखान्याचा जोडणी कागद. तो टाकी उतरवल्यावर कधी कधी तुकड्यांत सापडतो. शेव्हरोलेने अमेरिकेत विकलेल्या या गाड्यांच्या नोंदी उपलब्ध नाहीत. कॅनडात विकलेल्या असतील, तर शेव्हरोलेच्या मालक कंपनीच्या कॅनडा शाखेकडून, जीएम कॅनडाकडून, कागद मिळतो. पॉन्टियाकवाले इथे सुखी आहेत, त्यांना मूळ नोंदी देणारी पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस आहे. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी अहवाल मिळतो. जीटीओ किंवा मस्टँग बघत असाल, तर सौदा करण्याआधी हा खर्च करा. तो गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

कागद नसले तरी गाडी स्वतः बरंच सांगते. झेड/२८ ला एसी कधीच नव्हता, गिअरबॉक्स नेहमी चार गिअरचा हाताने चालवायचा आणि पुढे डिस्क ब्रेक सक्तीचे होते. एसीचा मूळ डबा असलेली "झेड/२८" दाखवली, तर नमस्कार करून निघा.

पत्रा: इथे घाई नको

तपासणीचा निम्मा वेळ इथे जायला हवा. रंगाकडे पाहू नका. नवा रंग असलेला प्रोजेक्ट मला नागड्या पत्र्याच्या प्रोजेक्टपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. गंजलेला पण उघडा पत्रा निदान दिसतो तरी.

सुरुवात मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांपासून करा. काचेभोवतीच्या चकचकीत पट्टीखाली पाणी आणि माती साठते, पत्रा आतून सडतो आणि पाणी डिकीत गळतं. छताला रेक्झिनचं आवरण असेल, तर दुप्पट संशय घ्या, कारण त्याखाली ओल अडकून राहते. आवरणावर बोट फिरवून फुगवटे शोधा. मग डिकी उघडा, गालिचा काढा, जमीन पाहा आणि दोन्ही बाजूंना मडगार्डकडे उतरणारे कोपरे हाताने चाचपा. मित्राला डिकीत टॉर्च धरायला सांगा आणि तुम्ही मागच्या चाकाच्या कमानीतून आत बघा. उजेडाचे ठिपके दिसले, तर तेवढी भोकं आहेत. कमानीचा आतला आणि बाहेरचा पत्रा जिथे जुळतो ती शिवण हमखास फुटलेली असते.

पुढची जागा काचेपुढच्या जाळीखालची. पावसाचं पाणी इथून आत जातं आणि दोन्ही बाजूंनी मडगार्डच्या मागून खाली उतरतं. पन्नास वर्षांची पानं या वाटेत कुजलेली असतात. विक्रेत्याची परवानगी घेऊन जाळीवर एक-दोन मग पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. आत थेंब दिसले, तर काम मोठं आहे. त्या पाण्याचा शेवट पुढच्या मडगार्डच्या मागच्या खालच्या टोकाला होतो, म्हणून तो कोपरा जवळजवळ प्रत्येक गाडीत गेलेला असतो. मडगार्ड बोल्टने बसतं, ते बदलता येतं. त्यामागचा खांब सडला असेल, तर किंमत खूप खाली यायला हवी.

आता आतली जमीन. गालिचा उचला आणि पायांखालचा पत्रा दोन्ही बाजूंनी, वरून आणि खालून पाहा. जुना सडका पत्रा न कापता त्यावर नवा ठोकून दिलेला बऱ्याचदा सापडतो. दोन पत्र्यांमध्ये ओल राहते आणि दोन-तीन वर्षांत सगळंच जातं. खालून ताजं काळं डांबरी अंडरकोटिंग मारलेलं असेल, तर ते कशासाठी मारलं हे सरळ विचारा आणि स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. जुन्या वाड्याची तुळई टोचून वाळवी शोधतात, तेच हे काम. चांगला पत्रा टणक लागतो, सडलेला कुरकुरतो किंवा टोक आत शिरतं.

लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवर, मागच्या मडगार्डवर, चाकाच्या कमानीभोवती आणि दारांखालच्या लांब पत्र्यावर फिरवा. जिथे ओढ कमी पडते, तिथे खाली पुट्टी आहे. आपल्याकडे गॅरेजवाले तिला लांबी म्हणतात. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते, त्याने घाबरू नका. पण बोटभर जाडीची थापलेली असेल, तर खाली भोक आहे असं समजा. एक अपवाद लक्षात ठेवा. छत आणि मागचं मडगार्ड जिथे जुळतं ती शिवण कारखान्यातच शिशाने भरलेली असते. तिथे चुंबक ढिलं पडलं, तर ते मूळ कामाचं लक्षण असू शकतं. हे माहीत नसल्याने चांगल्या गाड्या नाकारणारे लोक मी पाहिले आहेत.

फोटो काढत राहा. घरी येऊन शांतपणे पाहिल्यावर जे दिसतं, ते गाडीसमोर दिसत नाही.

सांगाडा

कॅमॅरोची बांधणी अर्धी-अर्धी आहे. मागचा भाग बॉडीशी एकसंध आणि पुढे इंजिन, स्टिअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन वाहणारी वेगळी चौकट, रबरी बुश मधे घालून बोल्टने बसवलेली. म्हणून दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, चौकट जिथे बॉडीला भेटते तिथला पत्रा, विशेषतः पायांखालचे मागचे दोन बोल्ट. बुश झिजले असतील तर नवे घालता येतात, पण बोल्टच सडक्या पत्र्यात लोंबत असेल, तर तो दुरुस्तीचा वेगळा प्रकल्प आहे. दुसरी, चौकटीला सुरकुत्या, वाकलेपणा किंवा नंतरचं वेल्डिंग आहे का. ही अपघाताची खूण. मोजपट्टीने चौकटीतली समोरासमोरची भोकं तिरपी मोजा, दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत.

मागे पाट्यांची पुढची टोकं जिथे अडकतात ते कप्पे आणि त्यामागचे लांब बीम नीट पाहा. ड्रॅग रेसमध्ये (सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीत) वापरलेल्या गाड्यांत इथे फाटलेलं, शिवलेलं, पुन्हा फाटलेलं दिसतं. रुंद टायर बसवायला चाकाच्या कमानी आतून कापल्या असतील, तर गाडी पुन्हा मूळ रूपात आणणं फार महाग पडतं.

दाराची परीक्षा सोपी आहे. दार अर्धं उघडा आणि मागच्या टोकाला धरून वर उचला. बिजागरीत खेळ असेल तर पिना आणि बुश बदलून भागतं. बिजागरीबरोबर खांबही हलत असेल, तर तो सडलाय. दार बंद करून फटी पाहा. वर रुंद आणि खाली अरुंद, किंवा एका बाजूला वेगळी आणि दुसरीला वेगळी, म्हणजे बॉडी मधून बसली आहे. उघड्या छताच्या गाडीत ही तपासणी दुप्पट कडक करा. छत नसल्याने सगळा भार खालच्या पत्र्यावर येतो आणि तोच पत्रा आधी सडतो.

खोक्यांतली गाडी

पूर्ण उघडलेली गाडी स्वस्त मिळते आणि "सगळे भाग खोक्यांत आहेत" असं सांगितलं जातं. तिथेच, विक्रेत्यासमोर, खोकी उघडून मोजा. बाहेरच्या सजावटीच्या पट्ट्या, काचा आणि काच वर-खाली करणारी यंत्रणा, डॅशबोर्डचे मीटर, सीटचे सांगाडे, बंपरचे आधार, ब्रॅकेट. नट-बोल्टच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या आहेत का? उघडतानाचे फोटो आहेत का? दोन्ही नसतील, तर जोडणीला लागणारा वेळ तुमच्या अंदाजाच्या कितीतरी पट निघेल.

आरएस (रॅली स्पोर्ट) पर्यायाच्या गाडीत दिवे झाकणारे दरवाजे असतात. १९६७ ला ते विजेच्या मोटरवर चालत, १९६८ आणि १९६९ ला व्हॅक्यूमवर. ही यंत्रणा अपुरी असेल, तर एकेक भाग गोळा करणं खिशाला जड जातं. तरी कॅमॅरोत पर्याय मिळतो. ओल्ड्समोबिल, मर्क्युरी किंवा एएमसीच्या गाडीत हरवलेली एखादी पट्टी वर्षभर शोधावी लागू शकते. म्हणून त्या गाड्या घेताना पूर्णपणाला आणखी वजन द्या.

आता इंजिन

आकडे जुळणारी गाडी म्हणून जादा पैसे मागत असेल, तर पुढच्या उजव्या हेडसमोरची सपाट पट्टी पुसून वाचा. तिथे कारखान्याचं अक्षर, तारीख आणि इंजिनाची खूण असते. १९६९ च्या झेड/२८ च्या ३०२ इंजिनावर तारखेनंतर डीझेड दिसायला हवं. १९६९ च्या गाडीच्या व्हीआयएनचा भागही इथे किंवा ऑइल फिल्टरजवळ ठोकलेला असतो. तारखांचा क्रम पाहा. ब्लॉक ओतल्याची तारीख इंजिन जोडल्याच्या आधीची आणि इंजिन जोडल्याची गाडी बनल्याच्या आधीची. आठवड्याने आधी बनलेल्या गाडीत नंतर ओतलेलं इंजिन असूच शकत नाही. पट्टीवर यंत्राने घासल्याच्या बारीक समांतर रेषा मूळच्या असतात. त्या पुसल्या गेल्या असतील आणि अक्षरं ताजी दिसत असतील, तर आकडे नंतर ठोकले आहेत.

इंजिन बंद पडून वर्षं झाली असतील, तर स्टार्टर मारू देऊ नका. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि क्रँकच्या पुढच्या बोल्टवर लांब पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर चांगलंच. अडकलं असेल, तर किंमत पूर्ण नव्या बांधणीची धरा. डिपस्टिकवर दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. चालू इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, घ्या. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या ७५ टक्क्यांहून खाली नको.

मागच्या ॲक्सलच्या झाकणाचे बोल्ट मोजा. साध्या गाड्यांना १० बोल्टचा आणि एसएस, झेड/२८ ला १२ बोल्टचा. १२ बोल्टचा ॲक्सल मिळाला, तर त्याची स्वतःची किंमत आहे. पाटे पाहा: १९६७ ला सगळ्या गाड्यांना एका पाट्याची स्प्रिंग होती, १९६८ पासून ताकदवान मॉडेलना अनेक पाट्यांचा संच आला. ब्रेक, पेट्रोलची टाकी, नळ्या आणि सगळी रबरं नवीच घालायची असं धरून चाला, त्यांची तपासणी करण्यात वेळ घालवू नका. जुने ब्रेक लायनर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, त्यांची धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका.

आणि "३७५ हॉर्सपॉवर" ऐकून भारावून जाऊ नका. १९७१ पर्यंतचे आकडे इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा आणि सायलेन्सरविना मोजलेले आहेत, म्हणून ते फुगलेले असतात.

व्यवहार

तपासणी झाली की लगेच आकडा सांगू नका. कागदावर तीन याद्या करा: लगेच करावं लागणारं, पुढच्या वर्षी चालेल ते आणि न केलं तरी चालेल ते. पहिल्या यादीची किंमत घरी ठरवलेल्या हिशेबातून वजा करा आणि विक्रेत्याला ती यादी दाखवूनच भाव सांगा. प्रामाणिक विक्रेता रागावत नाही, बऱ्याचदा दोन गोष्टी स्वतःहून जोडतो. टायटल सही करून हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, आणि "संध्याकाळी दुसरा येतोय" या दबावाखाली कधीच देऊ नका.

भारतात आणायचा विचार असेल, तर क्लिअरिंग एजंटशी बोलल्याशिवाय अमेरिकेत एक डॉलरही देऊ नका. सीमाशुल्क जड असतं आणि स्टिअरिंग डावीकडे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पाटीवर व्हीए ही अक्षरं येतात आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. मूळ रूप बदललेल्या गाडीला त्यात अडचण येऊ शकते, म्हणून नकलेपेक्षा साधी पण न बदललेली गाडी आणणं शहाणपणाचं.

सौदा ठरला की नेण्याची सोय आधी पाहा: गाडी चाकांवर ढकलता येते का, स्टिअरिंग वळतं का, ब्रेक अडकलेत का, हे ट्रेलरवाल्याला सांगावं लागतं. खोकी वेगळ्या वाहनात, यादी करून. आणि ट्रेलर निघण्याआधी दोन्ही बाजूंनी आधी मान्य केलेल्या रकमेचा विमा सुरू करून घ्या. घरी पोचल्यावर पहिला पाना लावण्याआधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक ब्रॅकेटचा, प्रत्येक वायरचा. जोडताना तेच उपयोगी पडतील.